सत्तावीस नंबरचं गाणं

उत्तराला एखादा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे. अकरा वर्षांपूर्वी झूटरमेरला राहायला आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने घरामागच्या कालव्यातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा छडा लावला होता. त्यासाठी गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचेरीत जाऊन एका तरुण अधिकाऱ्याचं तासभर डोकं खाल्लं होतं. तिचा नवरा यतीन म्हणायचा, "तुला व्हिसा देताना त्यांनी फॉर्ममध्ये एक ओळ घालायला हवी होती. चौकशा अनलिमिटेड." यतीन सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे त्याचे विनोद साधारण याच जातीचे असत आणि उत्तरा त्यांना हसत नसे.

दर मे महिन्यात टीव्हीवर देशादेशांची ती मोठी गाण्याची स्पर्धा असायची. इथले लोक तिला नुसतं सॉन्गफेस्टिव्हल म्हणत. कोणी पंख लावून गायचं, कोणी पिंजऱ्यात बसून, आणि मग रात्रभर मतमोजणी चालायची. यतीनला त्यातले पोशाख आवडत, त्यांच्या मुलीला, निशिगंधाला, गाणी आवडत, आणि उत्तराला दरवर्षी एकच प्रश्न पडे. एवढ्या मोठ्या देशातून एकच गाणं जायचं, तर ते निवडतं कोण? काही देश आधी घरच्या घरी जंगी स्पर्धा घेतात, लोक फोन करकरून मतं देतात, हे तिने शोधून काढलं होतं. पण इथे तर एके दिवशी सकाळी बातमी यायची की अमुक गाणार आहे, आणि विषय संपला. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते लोक ठरवतात." कोण लोक ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं दुःखही नव्हतं. उत्तराला मात्र अशा माणसांची कमाल वाटायची.

शेवटी तिने पत्र लिहिलं. शिकून शिकून जमलेल्या डच भाषेत, शब्दकोश उघडा ठेवून, त्या वाहिनीला सरळ विचारलं की तुम्ही गाणं निवडता कसं. आपल्याकडे असं पत्र टोपलीत गेलं असतं. इथे तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि तेही असं की वाचून ती खुर्चीत बसली. आम्हाला साधे श्रोते हवेच आहेत, त्यांनी लिहिलं होतं. चाळीस निवडक गाणी, चोवीस श्रोते, ऑक्टोबरातला एक शनिवार. तुम्हाला एवढी उत्सुकता आहे तर या आणि स्वतःच बघा.

सोबत फॉर्म होता. त्यात एक रकाना होता, संगीताचं शिक्षण. उत्तराने लिहिलं, "शिकले होते. सतराव्या वर्षी सोडलं." का सोडलं ते कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिने लिहिलंही नाही.

मग तीन पानी करार आला. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. फोन दारात जमा करायचा. आणि सातव्या कलमात म्हटलं होतं की एखादं गाणं, आवाज किंवा वाद्य तुमच्या ओळखीच्या माणसाचं आहे असं कळलं, तर ताबडतोब हात वर करून खोलीबाहेर जायचं, त्या गाण्याला गुण द्यायचे नाहीत. उत्तराने ते कलम दोनदा वाचलं आणि तिला हसू आलं. तिच्या ओळखीचं कोण गाणार होतं त्या स्पर्धेत? तिने सही ठोकली.

यतीनला तिने सांगितलं. निशिगंधाला सांगितलं नाही. करार होताच, पण खरं कारण निराळं होतं. निशिगंधा वीस वर्षांची, हार्लेमला संगीत शिकत होती. गायची नाही, गाणी बनवायची. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायची आणि शनिवार-रविवार घरी यायची, कानावर हे मोठे हेडफोन चढवून. पंधरा वर्षांची असताना तिने आपलं पहिलं गाणं आईला ऐकवलं होतं. उत्तरा म्हणाली होती, "ठीक आहे. शेवट लांबलाय." आता उत्तराच्या माहेरी 'ठीक आहे' ही मोठीच पावती होती, कारण तिचे वडील याहून वर कधी चढलेच नव्हते. पण पोरीला हे कुठून कळणार? त्यानंतर पाच वर्षांत निशिगंधाने आईला एकही गाणं ऐकवलं नाही. हेडफोनमधून काय वाजतं याची उत्तराला इतकी उत्सुकता होती की कालव्याचं पाणी त्यापुढे काहीच नव्हतं. पण हा एकच प्रश्न असा होता जो विचारायला ती घाबरायची.

*

हिल्व्हर्समच्या त्या इमारतीत बाहेरून बघण्यासारखं काही नव्हतं. आत एक मोठी खोली, भिंतींना जाड कापड, चोवीस खुर्च्या. दारात फोन कापडी पिशवीत गेले. मरायके नावाची, आखूड पांढऱ्या केसांची एक उंच बाई सगळं चालवत होती. ती निवड समितीची, आणि तिने पहिल्याच वाक्याला सगळ्यांना अरे-तुरे सुरू केलं. इथली रीतच ती. अकरा वर्षं झाली तरी उत्तराच्या कानाला ते अजून खटकायचं.

"गाण्यांना नावं नाहीत, फक्त नंबर आहेत," मरायके म्हणाली. "कोणी लिहिलं, कोण गातंय, मलासुद्धा माहीत नाही. दहा गाणी सलग ऐकायची. प्रत्येकाला एक ते दहा गुण. मग फळ्यावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण लिहिणार, आणि ज्याने ते दिले त्याने कारण सांगायचं. वाद घालायचा नाही. आम्हाला फक्त समजून घ्यायचंय."

गुणांचं इथलं गणित उत्तराला निशिगंधाच्या शाळेमुळे पाठ होतं. सहा म्हणजे पास, सात म्हणजे चांगलं, आठ म्हणजे घरी केक. दहा कोणाला मिळत नाहीत. पाच म्हणजे नापास, आणि त्याखाली गेलात तर शिक्षकांना घरी पत्र लिहावं लागतं. नव्वद-पंच्याण्णवच्या खाली रडारड करणाऱ्या पुण्यातल्या भाचरांपेक्षा हे हिशेब तिला बरे वाटायचे.

शेजारी हेंक नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते, झेलँडचे, जन्मभर बोटी दुरुस्त केलेले. त्यांचे हात बघूनच ते कळत होतं. "मी नऊ नातवंडांचा आजोबा," ते म्हणाले, "त्यामुळे वाईट संगीताचा मला दांडगा अनुभव आहे." उत्तराला ते एकदम आवडले.

आणि काय मजा होती त्या दिवसात! पहिल्या दहांत तीन गाणी एकाच साच्यातली निघाली. अकरा नंबरला एका बाईने नऊ दिले आणि कारण सांगितलं की तिला स्वतःचा घटस्फोट आठवला. सोळा नंबरला कोणी तीन दिले, का तर त्यातली बासरी खोटी आहे. गाणं निवडणं म्हणजे काहीतरी गूढ, काळ्या खोलीत बसून पाच शहाण्यांनी करायचं काम, असं उत्तराला वाटलं होतं. इथे तर घटस्फोट, नातवंडं, खोट्या बासऱ्या सगळंच तराजूत पडत होतं. देशाचं गाणं असं ठरतं तर! ती वहीत भराभर टिपणं काढत होती. वही बाहेर न्यायची नव्हती, तरी काढत होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांनी पाव-चीज खाल्लं आणि तिने डब्यातली थालीपीठं, आणि एक हेंकना दिलं.

जेवणानंतर तिसऱ्या दहांतलं सातवं गाणं लागलं. सत्तावीस नंबर.

सुरुवातीला नुसता श्वासासारखा एक सूर होता. मग ठोका आला. टण्ण. आणि त्या ठोक्याच्या मागून, जरा उशिराने, एक बारीक, तिरपा झणकार.

उत्तराने पेन खाली ठेवलं.

तो आवाज तिने हजारदा काढला होता. चहात घालायची वेलची, पोह्यांवरचे दाणे, लसूण, सगळं त्यात कुटलं होतं. आईचा पितळी खलबत्ता. साताऱ्याहून येताना सामानात त्याच्या काठाला पोचा आला होता, आणि तेव्हापासून बत्ता काठाला लागला की तो एकाऐवजी दोन आवाज करायचा. खलबत्ते खूप असतील जगात, तिने स्वतःला बजावलं. ठोका परत आला, आणि परत, आणि मग त्यांचा एक ठेका झाला. बत्ता काठाला लागायचा तिथेच झणकार यायचा, दर तिसऱ्या ठोक्याला. गेल्या उन्हाळ्यात निशिगंधा स्वयंपाकघरात अर्धा तास रिकामा खलबत्ता कुटत बसली होती ते तिला आठवलं. काय करतेस विचारलं तर म्हणाली होती, "नथिंग, आई. साउंड चेक."

वरती कोणी डच मुलगी गात होती. आवाज परका होता. पण गाण्याची हाडं घरची होती.

आता करार काय म्हणत होता? हात वर कर, बाहेर जा. उत्तराला कलम सात तोंडपाठ होतं. पण बाहेर गेलं तर पुढचं ऐकायला कसं मिळणार? पाच वर्षं ज्या दारावर थाप मारायची हिंमत झाली नव्हती ते दार आज आपोआप उघडलं होतं, आणि कोणीतरी म्हणत होतं की बाहेर थांब. तिचा हात उचललाच गेला नाही. ती ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्यात सूर एकदम खाली उतरले, खलबत्ता मागे एकटाच उरला, आणि उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं हिच्या पोटात होतं? आणि हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात बसून?

गाणं संपलं. कार्डावर गुण लिहायची वेळ आली.

मनात आलं नऊ. आणि नऊ मनात येताक्षणी तिला घाम फुटला. आपला तो बाब्या! दुसऱ्याच्या पोरीच्या गाण्याला दिले असतेस का नऊ? मग आठ? आठ तरी कशावरून खरे? सात? पेन खाली खाली येत गेलं, जिना उतरावं तसं, आणि शेवटी तिने जो आकडा लिहिला तो होता चार. लिहिल्यावर तिला जरा बरं वाटलं. आता कोणी बोट दाखवू शकणार नव्हतं.

तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. उत्तराला वाटला नाही, कारण तिला तो घरातूनच मिळाला होता. तिचे वडील दामोदर मास्तर साताऱ्यात गाणं शिकवायचे आणि गाण्याच्या परीक्षांचे परीक्षक असायचे, पण नेहमी परगावी. साताऱ्याच्या केंद्रावर बाहेरचे परीक्षक येत. उत्तरा सतरा वर्षांची असताना ते बाहेरचे गृहस्थ तापाने आजारी पडले आणि आयत्या वेळी मास्तरांना बसवलं. यादीत उत्तराचं नाव होतं. तिने बिहाग गायला. तिला शंभरात चोपन्न मिळाले, आणि जिचा तंबोऱ्याशीही मेळ नव्हता त्या मैत्रिणीला एकाहत्तर. साताऱ्यात मास्तरांचं केवढं कौतुक झालं! मास्तर म्हणजे मास्तर, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. उत्तराने स्वतः ही गोष्ट झूटरमेरच्या गणपतीत दोनदा सांगितली होती, अभिमानाने. त्या वर्षानंतर आपण गायलो नाही, हे त्या गोष्टीत ती कधी सांगायची नाही. अभ्यास वाढला होता, असं तिचं म्हणणं.

*

दहा गाणी झाली आणि मरायकेने फळ्यावर आकडे लिहिले. सत्तावीस नंबरपुढे तिने लिहिलं, सर्वांत जास्त नऊ, सर्वांत कमी चार.

"नऊ माझे," हेंक म्हणाले. "कारण तो ठोका. मी चाळीस वर्षं धातू ठोकलाय, पण असं काही ऐकलं नाही. ते पितळ आहे, लोखंड नाही. पण काय आहे ते? मला झोप लागणार नाही आता."

खोलीत एकदम चैतन्य आलं. कोणी म्हणालं बोटीवरची घंटा, कोणी म्हणालं जुनं घड्याळ, खोट्या बासरीवाल्याने सांगितलं की हा संगणकावर बनवलेला आवाज आहे. "मुळीच नाही," हेंक तडकले, "त्याच्या काठाला मार लागलेला आहे. ऐकू येतं ते." उत्तरा मूग गिळून बसली होती. उत्तर माहीत असून गप्प बसायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि तो त्रास काय असतो हे तिला आज कळलं.

"चार कोणाचे?" मरायकेने विचारलं.

उत्तराने हात वर केला. जो हात गाणं लागताच वर जायला हवा होता तो आता गेला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "ताल जरा… म्हणजे… एकसुरी." बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

कोणी वाद घातला नाही. मरायकेने मान हलवून ते टिपलं. पण हेंक तिच्याकडे वळले, आणि अगदी साधेपणाने, नऊ नातवंडांच्या आजोबांनी विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "तुला माहितेय का गं ते काय आहे?"

तिच्याच्याने खोटं बोलवेना.

"खलबत्ता," ती म्हणाली. मग डच शब्द आठवेना म्हणून तिने हातांनी कुटून दाखवलं. "त्यात मसाला कुटतात. पितळीच आहे, तुमचं बरोबर आहे. आणि काठाला पोचा आहे तो विमानप्रवासात आलेला. तो माझ्या घरी आहे. झूटरमेरला, ओट्यावर." ती थांबली. "माझ्या मुलीचं गाणं आहे ते."

*

मरायकेने तिला बाहेर नेलं. पॅसेजमध्ये दोन खुर्च्या होत्या. उत्तराला वाटलं होतं ओरडा बसेल, पण मरायकेच्या चेहऱ्यावर रागापेक्षा नवल जास्त होतं.

"तू चार दिलेस, कारण गाणं वाईट होतं?"

"नाही."

"मग?"

"माझ्या मुलीचं म्हणून. मला कोणाची बाजू घ्यायची नव्हती."

मरायकेने कपाळाला आठ्या घातल्या. "थांब. मला नीट समजू दे. तू तिचे गुण कापलेस, आणि त्याला तू निष्पक्षपणा म्हणतेस?"

तेव्हा उत्तराने तिला दामोदर मास्तरांची गोष्ट सांगितली. तीच, गणपतीत सांगायची ती. चोपन्न, एकाहत्तर, गावभर कौतुक. गोष्टीच्या शेवटी ऐकणारा नेहमी "वा!" म्हणायचा. मरायके म्हणाली नाही.

"पण तो आकडा खोटा होता," ती म्हणाली. "जास्त दिला असता तर जेवढा खोटा, तेवढाच. त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. आणि मग तू? तू गात राहिलीस?"

 समोरच्या भिंतीवर जुन्या वर्षांच्या गायकांचे फोटो होते, ते उत्तरा बघत राहिली. कोणीतरी तिच्या गोष्टीतली तिने पुसलेली ओळ बरोबर वाचून दाखवली होती. एकतीस वर्षं ती ज्याला वडिलांचा प्रामाणिकपणा म्हणत आली होती, ती खरं तर लोक काय म्हणतील याची भीती होती. आणि आज तीच भीती तिने आपल्या पोरीच्या कार्डावर लिहिली होती. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

मरायके पाणी घेऊन आली. "तुझे आजचे सगळे गुण रद्द," ती शांतपणे म्हणाली, "आणि तुला घरी जावं लागेल. सत्तावीस नंबर दुसऱ्या श्रोत्यांपुढे पुन्हा वाजेल. तुझ्या मुलीला आम्ही हे कळवूच, पण आधी तू सांगितलंस तर बरं. गाण्याचा यात काही दोष नाही."

पिशवीतून फोन परत मिळाला. जाताना उत्तराने दारातून आत पाहिलं. हेंकनी तिला लांबूनच हातांनी कुटून दाखवलं आणि अंगठा वर केला.

*

निशिगंधा घरी आलेलीच होती. चहा करत होती आणि वेलची कुटत होती. टण्ण, आणि मागून तो तिरपा झणकार. उत्तरा बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं, एका दमात, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

निशिगंधाच्या हातातला बत्ता तसाच राहिला.

"तू पॅनलवर होतीस? यू हर्ड इट?"

"हो."

"आणि तू चार दिलेस? फोर? आई, दॅट्स नॉट ईव्हन अ फेल, दॅट्स… दे कॉल युअर पेरेंट्स फॉर अ फोर!" तिचा आवाज फुटला. "एवढं बेकार होतं?"

"नाही गं. बेकार नव्हतं. मी घाबरले."

"कशाला?"

"तुझी आई म्हणून जास्त दिले असं कोणी म्हणेल, म्हणून."

 निशिगंधा बत्ता खाली ठेवून, ओट्याला टेकून, डोळे पुसत म्हणाली, "ओके. मग खरे किती? रिअल नंबर सांग. आय कॅन टेक इट."

हा प्रश्न टाळायच्या शंभर वाटा उत्तराला ठाऊक होत्या. पहिली 'ठीक आहे'ची. आज तिने एकही धरली नाही.

"साडेआठ."

"नऊ का नाही?"

"दुसऱ्या कडव्यात सूर खाली उतरतात ना, तिथे मला रडू आलं. पण तिथून धृपदावर परत येताना तू घाई केलीस. खलबत्ता एकटाच आणखी थोडा वाजायला हवा होता. त्याला थांबू दिलं नाहीस."

निशिगंधा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याखालून काहीतरी निराळं वर येत होतं. "आय न्यू इट," ती पुटपुटली. "तीन मिनिटांत बसवायचं होतं म्हणून मी तिथे कट मारला." आणि तिने खरोखरच फोन काढून ते टिपून घेतलं.

त्या गाण्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकावं, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या श्रोत्यांनी ते ऐकलं आणि ते शेवटच्या बारांत गेलं. तिथून निवड समितीने दुसरंच गाणं पाठवलं, एका गिटारवाल्याचं, बरं होतं तेही. निशिगंधा दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या वर्षीच्या गाण्याला लागली.

पण तो शनिवार अजून संपला नव्हता. चहा गाळता गाळता निशिगंधाने विचारलं, "आणि तुझे? आजोबांनी तुला किती दिले होते?"

"चोपन्न. तुला माहितेय की. कितीदा सांगितलंय."

"ते नाही. खरे किती होते?"

उत्तराच्या हातातला कप थांबला. जिला कालव्याच्या पाण्याचा पत्ता हवा असायचा, जिने गाणं कसं निवडतात म्हणून वाहिनीला पत्र लिहिलं, तिने हा प्रश्न एकतीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता. बाकी कोणी विचारायचा? साऱ्या साताऱ्याला चोपन्नच हवे होते.

पाच वाजत होते. साताऱ्यात साडेआठ, वडिलांचं जेवण झालं असेल. तिने व्हिडिओ कॉल लावला. एकोणऐंशी वर्षांचे दामोदर मास्तर पडद्यावर आले, नेहमीसारखे अर्धेच, कारण फोन सरळ धरणं त्यांना कधी जमलं नाही.

"बाबा," उत्तरा म्हणाली, "त्या बिहागाचे खरे किती होते?"

कुठला बिहाग असं त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"एक्क्याऐंशी," ते म्हणाले.

आकडा त्यांना आठवावा लागला नव्हता, तो तयारच होता. निशिगंधाने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"अंतऱ्यात वरच्या षड्जावर घाई केलीस," मास्तर पुढे म्हणाले. आवाज थरथरत होता, पण परीक्षकाचाच होता. "थांबायला हवं होतंस तिथे. थांबली असतीस तर त्र्याऐंशी दिले असते मी." मग स्वतःच्याच बोलण्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला आणि ते म्हणाले, "लिहिले असते असं नाही म्हणत. चुकलंच माझं ते, उत्तरा. फार चुकलं."

उत्तराच्या डोळ्यांना धार लागली होती. आणि तरी, काय करणार, खोड ती खोड, तिला प्रश्न पडलाच.

"कुठे घाई केली, बाबा? नेमकी कुठे?"

मास्तरांनी घसा साफ केला आणि त्या थकल्या आवाजात ती जागा म्हणून दाखवली, मुखड्यावरून अंतऱ्यापर्यंत, वर चढत. फोनमधून सूर तुटत होता, पण जागा कळत होती. उत्तराने कप खाली ठेवला, डोळे मिटले, आणि एकतीस वर्षांनी तोंड उघडलं. आवाज आधी आलाच नाही. मग फाटका आला, मग जरा बरा. ती हळूहळू चढत गेली, आणि या वेळी वरच्या षड्जावर थांबली.